साठच्या पुढे हादरणारी गाडी

ती घटना आठवायला मला डोकं खाजवावं लागत नाही, माझी कंबरच तिची आठवण करून देते. पोलीस खात्यात मी शिरलो तो ड्रायव्हर म्हणून. जिल्हा राखीव दलाच्या मोटार विभागात जीप, व्हॅन, कैद्यांची गाडी, साहेबांची गाडी, हाती येईल ते चालवलं. पुढे खात्याची परीक्षा देऊन सब-इन्स्पेक्टर झालो, स्टेअरिंग सुटलं, पण मणक्याचं दुखणं जन्माचं सोबत आलं. तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसलो की तिची खोड मला आधी कळते आणि तिच्या मालकाला नंतर. ठाण्यातली पोरं माझ्या माघारी म्हणायची, साहेबांचा मेंदू खाली आहे, बसले की चालू होतो. म्हणोत बापडी. खुनाच्या आरोपात अडकलेला एक माणूस त्याच मेंदूमुळे सुटला.

मी कोणाचं नाव घेणार नाही. खटल्याचा निकाल लागला, शिक्षा झाली, पण ती माणसं अजून त्याच भागात राहतात आणि बाजारात एकमेकांच्या समोर येतात. आमचं ठाणं बीदर जिल्ह्यात, हुलसूरच्या अंगाला, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. फिर्यादी मराठीत सांगणार, मी कन्नडमध्ये लिहिणार, वाचून दाखवताना पुन्हा मराठी करणार, आणि शेवटी तो सही उर्दूत ठोकणार, असा तिथला कारभार. मी त्याच मातीतला, त्यामुळे मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही.

येळवस ज्यांनी पाहिली नाही त्यांना ही केस कळायची नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गावात माणूस राहत नाही, सगळा गाव शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग शेंगा-भाज्यांची मिसळ भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, भाकरी आणि मडक्यातली ताकाची गार आंबील. ह्या सणाचा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची. तो ओळखीचा असो नसो, कुठल्या जातीचा असो, त्याला जेवायला बसवायचं. पोट भरलेलं असेल तर निदान आंबिलीचा एक घोट घ्यायला लावायचा. त्या दिवशी गस्तीवर पाठवलेले माझे शिपाई संध्याकाळी परत यायचे तेव्हा समोरून चोर चालत गेला असता तरी त्यांना उठवलं नसतं.

अशा एका येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला की शिवाररस्त्याच्या कडेला एक म्हातारी मरून पडली आहे.

मी गेलो तेव्हा बघ्यांची गर्दी जमली होती. बाई सत्तरीची, विधवा, मूलबाळ नसलेली. रस्त्याकडेच्या चरात उताणी पडलेली. डोक्याला मार, बरगड्या मोडलेल्या, कोपरं सोललेली. अंगावर हिरवं इरकल लुगडं, तांबड्या काठाचं, पण ते निम्मंच होतं. बाकीचं निम्मं आसपास कुठेही नव्हतं. जिथं ते संपत होतं तिथं ते फाटलेलंही नव्हतं, कशानं तरी सरळ कापलेलं होतं. थोडं पलीकडे तुरीच्या ओळीत तिचा पितळी तांब्या पडला होता, एका बाजूनं चेपलेला.

फोन करणारा तिचा पुतण्या होता. बांधाला बांध लागून त्याचं शेत, आणि त्याच बांधावरून काकू-पुतण्यात कित्येक वर्षांचं वाकडं. मागं पंचांसमोर त्यानं तिच्या अंगावर हात उगारला होता, हे सगळ्या गावाला माहीत. तिच्या माघारी शेत त्यालाच जाणार होतं. येळवशीला तिनं सगळ्या शिवाराला बोलावलं, ह्यालाही बांधावर जाऊन हाक मारली, आणि हा गेला नाही, असं सांगणारे साक्षीदार भेटले. त्याच्या खोपीत धार लावलेला विळा मिळाला. डॉक्टरांनी शवविच्छेदनात लिहिलं की मार बोथट वस्तूचा आहे आणि मृत्यू जागच्या जागी झालेला नाही, बाई काही वेळ जिवंत असावी. वाहनाची धडक मी विचारात घेतली होती. पण आमचे सर्कल इन्स्पेक्टर म्हणाले, "धडक देणारा पळून जातो. खाली उतरून बाईचं लुगडं कोण कापत बसतो?"

मी पुतण्याला अटक केली. त्या पुराव्यावर आजही करीन. संशयिताचा चेहरा गरीब आहे म्हणून त्याला सोडायचं ठरवलं तर तुरुंग ओस पडतील.

चौकशीत तो ना रडला ना चिडला. काहीही विचारलं तरी फिरून एकाच वाक्यावर यायचा. "काकूनं हाक मारली व्हती साहेब. म्या गेलो न्हाई. तेवढंच केलं म्या."

"लुगड्याचं दुसरं निम्मं कुठं टाकलंस?"

"म्या कामून टाकू? म्या बगितलं बी न्हाई."

ते निम्मं लुगडं मला सोडेना. आम्ही त्याची खोप उसकटली, चुलीतली राख चाळली, विहिरीत गळ टाकला. गुन्हेगार जागेवरून वस्तू नेतो ती एक तर कामाची असते, नाही तर अडचणीची. म्हातारीचं निम्मं लुगडं त्याच्या कामाचं नव्हतं, आणि उरलेलं निम्मं अंगावर तसंच ठेवून हे नेण्यात काही अर्थही नव्हता. मुद्देमालाच्या खोलीत मी ते लुगडं कितीदा पसरून पाहिलं असेल. हवालदार म्हणायचा, "साहेब, आता बाईसाहेबांनाबी ह्याच काठाचं घ्या." माझ्या तोंडाला चव राहिली नव्हती. आरोपपत्र लवकर द्या म्हणून वरून तगादा होता, पुतण्या कोठडीत होता आणि त्याची बायको पोरं घेऊन माहेरी निघून गेली होती.

तेवढ्यात हुमनाबादच्या जत्रेचा बंदोबस्त लागला. आमच्या ठाण्यातले गर्दी अडवायचे लोखंडी अडसर तिकडे पोचवायचे होते. खात्याची गाडी अशा वेळी नेहमीच दुरुस्तीला असते, म्हणून हुलसूरच्या एका व्यापाऱ्याची पिकअप भाड्यानं ठरवली. गाडी मालकच चालवणार होता आणि मलाही तिकडेच जायचं होतं, तेव्हा मी पुढे त्याच्याशेजारी बसायला निघालो. हवालदारानं मला बाजूला घेतलं. "साहेब, तुमी बसनं या. ही गाडी लई हादरतीय. कंबर ऱ्हायची न्हाई." आयुष्यात मला पुष्कळ खबऱ्यांनी टिपा दिल्या, पण सगळ्यात मोठी टीप ती होती, आणि ती देणाऱ्याला आपण काय दिलं ह्याचा पत्ता नव्हता.

मालक पन्नाशीचा, कपाळाला विभूती, खांद्यावर टॉवेल, बोलका माणूस. घरात मराठी, दुकानात कन्नड. धाकटा भाऊ आणि तो मिळून धंदा करत. आई-बाप लवकर गेले, धाकट्याला ह्यानंच वाढवलं, लग्न लावून दिलं, हे त्यानं बसवकल्याण येण्याआधीच मला सांगून टाकलं. मग गाडीवर आला.

"साहेब, तुमी पोलीस हाव, पण तुमाला सांगतो, ह्या गाडीनं माजं डोस्कं फिरवलंय. साठ झाले की सुरू होतंय. साठच्या खाली चिडीचूप. टायर बदलले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली. पुढची बेअरिंगं टाकली. ज्याला दाखवावं तो चाकावरच बोट ठेवतो. दृष्ट लागली म्हणून बायकोनं लिंबू-मिरची बांधली, तेबी झालं."

हमरस्त्याला लागलो. काटा साठच्या पुढे गेला आणि खरंच सुरू झालं. खडखडाट नव्हता, आवाजही फारसा नव्हता. बैठकीखालून एक बारीक, न थांबणारी थरथर पाठीच्या कण्यातून वर येत होती. ती कुठली ते मला लगेच कळलं नाही, पण कुठली नाही ते कळायला लागलं. जुनी सवय जागी झाली.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो. "मी चालवतो."

तो खुळ्यासारखा बघत राहिला, पण उतरला. मी बसलो आणि वेग वाढवला. साठच्या पुढे स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सैल सोडले. स्टेअरिंग शांत. पुढच्या चाकांत दोष असता तर तो हातात आला असता, इथं तो बुडाखाली येत होता. म्हणजे ह्या माणसानं पुढच्या चाकांवर घातलेला खर्च पाण्यात. हलका ब्रेक लावून पाहिला. थरथर त्यानं वाढली नाही, तेव्हा ब्रेकचे ड्रमही सुटले. मग त्याच वेगात गियर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली. इंजिन मंद झालं, तरी थरथर होती तशीच. इंजिन आणि क्लच दोन्ही निर्दोष. जे काही होतं ते इंजिनावर नाही, चाकांच्या वेगावर फिरत होतं. मागचे टायर नवे होते. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा, गाडीच्या पोटाखालून फिरणारा लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, तेवढा एकच उरला.

"शाफ्ट कोणी बघितला?" मी विचारलं.

"शाफ्ट? न्हाई साहेब. आवाज कुठं करतोय तो?"

"कधीपासून होतंय हे?"

तो बोटांवर दिवस मोजत आठवू लागला. "येळवशीला नीट व्हती. सकाळी म्याच धुऊन पूजा केली. दुसऱ्या दिवशी उडीद घेऊन उदगीरला गेलो, तर हादरायला लागली."

माझ्या मनात अजून काही जुळलं नव्हतं. सहज विचारावं तसं विचारलं, "धाकटा काय म्हणतो? त्यालाही त्रास होत असेल."

"त्याला काहीच जाणवत न्हाई म्हणतोय. पण मजा बगा साहेब, पूर्वी विमानागत पळवायचा. आता पन्नासच्या वर नेत न्हाई. बरं झालं म्हटलं, लगीन झालं, शाणा झाला."

हुमनाबादला पोचलो. अडसर उतरवून घेतले आणि गाडी लॉरीवाल्यांच्या एका गॅरेजात नेली. तिथं खाली उतरून काम करायचा खड्डा होता. मेकॅनिक दुसऱ्या गाडीत गुंतलेला, तेव्हा मालकच टॉवेल डोक्याला बांधून खड्ड्यात उतरला. खालून त्याचा आवाज आला. "साहेब, शाफ्टाला काय तरी गुंडाळलंय. गोणपाट दिसतंय. चिखल बसून दगड झालंय." त्यानं पान्यानं टोकरलं. वाळक्या चिखलाची ढेप खाली पडली. मी वाकून बघत होतो. चिखलाखालून हिरवा रंग दिसला, आणि त्याच्या कडेला तांबडा काठ.

मी तो काठ ओळखला.

"हात काढा," मी म्हणालो. "वर या. काही करू नका, वर या."

पुढची कामं ठरलेली असतात. पंच बोलावले, फोटो काढले, शाफ्ट कापडासकट उतरवून सील केला, पंचनामा लिहिला. ठाण्यातून मुद्देमालाचं लुगडं मागवून काठाला काठ लावला. दोन्हीकडचं कापलेलं टोक एकमेकांना बरोबर बसलं. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला, पण तो येण्याची गरज त्या दिवशी कोणालाच वाटली नाही.

मालक हे सगळं एका जुन्या टायरवर बसून बघत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की हे एका मेलेल्या बाईच्या अंगावरचं आहे. त्याचा बोलकेपणा तिथंच संपला. मग मी विचारलं, "येळवशीच्या संध्याकाळी गाडी कोणाकडे होती?"

त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला, घडी घातली. त्याला वेळ हवा होता. माणूस खोटं बोलायच्या आधी हाताला काम शोधतो.

"माज्याकडं," तो म्हणाला. "म्याच चालवायलो व्हतो. म्याच उडवलं."

"कुठं?"

"रस्त्यावर."

"कुठल्या रस्त्यावर? कुठल्या शिवारात? बाई कुठून आली?"

त्याला गावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. शिवाय ज्यानं बाईला उडवलं तो गाडीची थरथर घेऊन गॅरेजभर बोंबलत फिरत नाही, आणि पोलिसाला शेजारी बसवून तर नाहीच नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तुमी ल्हिवून घ्या साहेब. म्या सही करतो." मी लिहून घेतलं नाही. माझ्या नोकरीत खोटे कबुलीजबाब मी मारझोडीनं दिलेले ऐकले आहेत, मायेनं दिलेला तो एकच.

धाकट्याला त्याच संध्याकाळी ठाण्यात आणलं. मोठा बाहेर बाकावर बसलेला, मध्ये दार उघडं. दोघांना एकमेकांशी बोलू दिलं नव्हतं, आणि गाडीखाली काय मिळालं हे धाकट्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला म्हणालो, "येळवशीला तुमच्या गाडीखाली एक बाई आली असा संशय आहे. तुझा अण्णा म्हणतो, गाडी तो चालवत होता."

त्यानं दाराबाहेर पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "अण्णा म्हणायलाय तर तसंच असंल, साहेब."

बाहेर बाकावरच्या माणसानं ते ऐकलं. त्यानं नुसता खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मला त्या पोराच्या कानाखाली ओढावीशी वाटली. ओढली नाही, पण वाटली, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या शिवारात गेलो. पहिल्या वेळी आम्ही शेताशेतातून एकच विचारत फिरलो होतो की भांडण कोणी पाहिलं का, आरडाओरडा कोणी ऐकला का. सगळ्यांनी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. ह्या वेळी मी वेगळं विचारलं. "येळवशीला हाक मारली आणि थांबलं नाही, असं कोणी होतं का?"

एका बाईनं दळण निवडताना मान वर केली आणि लगेच म्हणाली, "व्हय की. एक पांढरी पिकअप. दिवस बुडायला आलता. आमच्या मालकानं हात केला, तर त्या पोरानं खिडकीतनं वराडलं, पोट फुटायलंय, सोडा की रस्ता. म्या म्हटलं बी, असला कसला सणाचा माणूस."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी भांडणाचं इचारलं."

पुढच्या तीन शेतांत मला तीच पिकअप भेटली. वर्षाच्या बाकी दिवसांत त्या रस्त्यानं शंभर गाड्या गेल्या तरी कोणी मान वळवत नाही. त्या एका दिवशी न थांबलेली गाडी मात्र लोकांनी महिनाभर मनात धरून ठेवली होती. नवरा-बायको दोघांनीही पुढे ओळखपरेडीत धाकट्यावर बोट ठेवलं.

मोटार वाहन निरीक्षकांना गाडीचा अहवाल द्यायचा होता. थरथर त्या कापडामुळेच होती का हे ठरवायला त्यांनी त्यांच्यासमोर शाफ्ट साफ करून परत बसवायला लावला आणि रस्त्यावर गाडी चालवून पाहायची असं ठरलं. मी म्हणालो, रोजचा चालवणारा आहे, त्यालाच चालवू द्या. धाकटा स्टेअरिंगवर, शेजारी मी आणि पलीकडे निरीक्षक, असे पुढे बसलो. मागे हौद्यात दोन शिपाई. दुपारची वेळ, हमरस्ता मोकळा.

तो पन्नासवर अडकला. "पळव," मी म्हणालो.

"रस्ता खराब हाय साहेब."

"रस्ता चांगला आहे. पळव."

त्यानं पाय दाबला. काटा साठकडे सरकला तसे त्याचे खांदे वर आले, दात आवळले गेले. ज्याला गाडीत काही जाणवत नव्हतं तो माणूस थरथर येण्याची वाट बघत होता. साठ झाले. पासष्ट झाले. गाडी लोण्यासारखी चालली होती. सत्तरला त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाय काढून घेतला. गाडी कडेला थांबवून तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला.

"काढलं का तुमी ते, साहेब?"

"काय?"

"लुगडं."

निरीक्षक माझ्याकडे बघत राहिले. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे मला ठाऊक होतं. पण आता त्याला थांबवण्यात अर्थ नव्हता.

"सासऱ्याच्या वावरात जेवलो," तो म्हणाला. "निगालो तर दर वावराला आडवायलेत. चार ठिकाणी आंबील पिली. पोट तट्ट झालं. दिवा लावायच्या आत घरी ये म्हणून अण्णाचा फोनवर फोन. मग म्हटलं आता कुनासाठीबी थांबायचं न्हाई. ती म्हातारी तांब्या घेऊन रस्त्याच्या मदी आली. बर्री, ऊटा माड्री म्हणायली. गाडीवरचं नाव कन्नडमधी हाय, म्हणून या, जेवा असं कन्नडमधी म्हणायली. म्हटलं बाजूनं काडतो. तीबी त्याच बाजूला आली, मला दिसावं म्हणून."

"मग?"

"पदर खाली अडकला व्हता. ओडला तर येईना. दोर कापायचा चाकू व्हता, त्यानं कापलं. तिला कडंला ठिवलं."

"जिवंत होती?"

हौद्यातले शिपाईही खाली उतरून खिडकीशी उभे होते.

"तांब्या कुठं पडला म्हणून इचारायली व्हती," तो म्हणाला.

चाकू त्यानं हत्यारांच्या पेटीतून काढून दिला. त्याच्या मुठीतल्या फटीत हिरवे धागे होते. केसचं कलम बदललं, पुरावा नष्ट केल्याचं कलम लागलं, आणि बाईला मरायला सोडून गेल्याचं कोर्टानं निकालात ठळकपणे नमूद केलं. तिथून सरकारी दवाखाना फार लांब नव्हता. त्यानं तिला हौद्यात घातलं असतं तर ती वाचली असती की नाही हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. मी मात्र अजून तो रस्ता मनात चालवून पाहतो, आणि प्रत्येक वेळी दवाखान्यात वेळेत पोचतो.

पुतण्याच्या सुटकेचा अहवाल मी स्वतः कोर्टात नेऊन दिला. तो बाहेर आला तेव्हा माझ्यावर चिडला नाही, मला दुवाही दिला नाही. एवढंच विचारलं, "काकूचं दहावं कुणी केलं?" गावानं केलं होतं. तो मान हलवून बसस्टँडकडे निघून गेला.

गाडी कोर्टातून सुटल्यावर मोठा भाऊ ती न्यायला आला. चावी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याच्या घरात त्या काळात काय चाललं होतं हे मला ऐकून माहीत होतं. भावजय त्याच्याशी बोलत नव्हती, त्यानंच गाडी पोलिसाला दाखवली म्हणून. "साहेब," तो म्हणाला, "गाडी नीट झाली. पण आता चालवावं वाटंना." त्यानं ती तिथूनच विकायला पाठवली.

ह्या केसनं मला एक शिकवलं. माणसं साक्ष लपवत नाहीत, बहुतेक वेळा आपणच त्यांना भलतं विचारतो. काय पाहिलं असं विचारलं तर माणूस घाबरतो. रोजच्या रीतीत काय चुकलं असं विचारलं तर दळण निवडणारी बाईसुद्धा पटकन सांगते. नंतरच्या माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे शिकवलं. आणि दुसरं जे शिकलो ते त्यांना शिकवता आलं नाही. तो धाकटा जातिवंत गुन्हेगार नव्हता. त्याला फक्त घाई होती आणि त्याचं पोट भरलेलं होतं. एवढ्या साध्या कारणावर माणूस मरतो, हे मला खुनापेक्षा जड गेलं.

निकालानंतरच्या येळवशीला मी त्याच रस्त्यानं जीपमधून जात होतो. एका मंत्र्यांचा दौरा होता आणि आम्हाला आधीच उशीर झाला होता. म्हातारीच्या शेताजवळ आलो तर बांधावर पुतण्या उभा. शेत आता त्याचं होतं. तो रस्त्यावर आला नाही, बांधावरच थांबला, पण हात मात्र वर केला. माझा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, नको. वेळ न्हाई."

मी त्याला जीप थांबवायला लावली आणि खाली उतरलो. पुतण्यानं मडक्यातून आंबील काढली आणि तांब्या माझ्या हातात दिला. पितळी, एका बाजूनं चेपलेला. कोर्टातून परत मिळाल्यावर त्यानं तो ठोकून नीट करून घेतला नव्हता.

"काकूनं बोलवलं तवा म्या गेलो न्हाई," तो म्हणाला. "आता म्या बोलवतो."

मी उभ्यानं प्यायलो. मग ड्रायव्हरला हाक मारून त्यालाही प्यायला लावली. बंदोबस्ताला आम्ही उशिरा पोचलो आणि वरिष्ठांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की आंबिलीला बोलावलं होतं.